एडीएचडीची गोळी : जेनेरिक घेतल्यावर फरक जाणवला का?

मुलगा सातवीत, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे, आम्ही न्यू जर्सीत. दोन वर्षं कॉन्सर्टा (मिथाइलफेनिडेट औषधाची ब्रँडेड गोळी) 36 मिलिग्रॅमवर छान चाललं होतं. मागच्या महिन्यात फार्मसीने न विचारता जेनेरिक (तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं) दिलं. शाळेची तक्रार नाही, पण चार वाजले की घरात भूकंप. वही फेकणं, रडणं. गोळी बदलली म्हणून की मीच खोट काढत बसलेय? तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, मिलिग्रॅम आणि वेळ मात्र हवी.

तळ्यातमळ्यात : ताई, आधी गोळीचा आकार बघा. कॉन्सर्टा नळकांडीसारखी असते, एका टोकाला लेसरने पाडलेलं भोक. वरच्या थरातलं 22 टक्के औषध लगेच सुटतं. मग पोटातलं पाणी आत झिरपतं, तळाचा थर फुगतो आणि उरलेलं औषध भोकातून हळूहळू बाहेर रेटतो. रिकामं टरफल शौचातून पडतं. (पहिल्यांदा दिसलं तेव्हा गोळी विरघळलीच नाही म्हणून डॉक्टरांना फोन लावला होता!) 2014 मध्ये मला जेनेरिक मिळालं, साधी लांबट गोळी. सकाळी सातला घ्यायचो, दुपारी दोननंतर एक ईमेल धड वाचून होईना. त्याच नोव्हेंबरात एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) दोन कंपन्यांच्या जेनेरिकचा दर्जा एबीवरून बीएक्सवर आणला, म्हणजे मूळ गोळीऐवजी परस्पर देण्याजोगी नाही. कारण काय, तर सातव्या ते बाराव्या तासात औषध मंद सुटत असावं. नेमकी माझी दुपार!

आळशी_मुंगी : माझं उलटं. साधी ॲडरॉल (एडीएचडीचंच दुसरं औषध), 10 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ऑक्टोबर 2022 मध्ये टंचाई जाहीर झाली, त्यानंतर मिळेल ती. वर्षभरात चार कंपन्या झाल्या, प्रत्येकीला 'ही बोगस' म्हणून शिव्या घातल्या. शेवटी बायकोने झोप, नाश्ता, गोळी वहीत लिहायला लावलं. वाईट दिवस निघाले ते सगळे आदल्या रात्री दोनपर्यंत जागलेले. वही तिसऱ्या आठवड्यात हरवली, ते सोडा.

पेठेतली : निवडायला मिळतंय हेच नशीब समजा. पुण्यात लेकीच्या मिथाइलफेनिडेटसाठी पाच दुकानं पालथी घातली. शेड्यूल एक्समधलं (कडक नियंत्रणाच्या यादीतलं) औषध, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची. कोण ठेवतंय एवढ्या कटकटीचं औषध? आणि आपल्याकडे जेनेरिकलाही प्रत्येक कंपनी आपलं नाव देते, मग ब्रँड कुठला नि जेनेरिक कुठलं! सहाव्या दुकानात दहा गोळ्या मिळाल्या, दुकानदाराची नजर फुकट.

घोडं_अडलं : व्हायव्हॅन्सचं (हेही एडीएचडीचं औषध) जेनेरिक ऑगस्ट 2023 पासून आलं. मी 30 वर, काडीचा फरक नाही. हे औषध रक्तात गेल्यावर तांबड्या पेशींमुळे चालू होतं, वेळेचं गणित कॅप्सूलकडे नाहीच.

धागाकर्ती : आत्ता बाटली उघडली. लांबट, भोक नाही. डॉक्टरांनी 'बदली नको' असं चिठ्ठीवर लिहून दिलंय, विमावाले म्हणतात आधी कारणं पाठवा. रोज चार वाजता काय होतं त्याची नोंद आजपासून करतेय, आणि झोपेचीही.