अनुभव धागा: ड्राइव्हवेसाठी कोणता स्नोब्लोअर घेतलात, आणि तो टिकला का?

मंडळी, गेल्या वर्षी न्यू जर्सी सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला आलो. इथे वर्षाला शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो हे घर घेताना ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि उपसणं वेगळं. पहिला हिवाळा फावड्यावर काढला. जानेवारीत पाठ अशी धरली की तीन दिवस पायमोजे घालायला बायकोला हाक मारावी लागली. आता बर्फ उपसून लांब फेकणारं यंत्र, म्हणजे स्नोब्लोअर, घ्यायचंच. ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट) डांबरी, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा रुंद, ६० फूट लांब, थोडा उतार. दुकानदार सगळ्यात मोठंच यंत्र पुढे करतो. कुठलं टिकलं, कशानं दगा दिला, तेवढं स्वतःचं सांगा.

बफलोच्या दक्षिणेकडून

तुमच्या ६० फुटांपैकी ५५ फूट कुठलंही यंत्र साफ करेल. प्रश्न शेवटच्या पाच फुटांचा आहे. पालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, रस्ता साफ करत जातो आणि जाताना तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून जातो. आभाळातून पडतो तो बर्फ भुरभुरीत. हा मात्र मीठ, पाणी, गोटे मिसळलेला काला. तासाभरात गोठला की सिमेंट. यंत्र निवडायचं ते या बांधासाठी.

म्हणून आमच्याकडे २८ इंची (तोंडाची रुंदी) टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत काम करणारा. पुढचा ऑगर बर्फ फोडून आत ओढतो, मागचा इम्पेलर पंख्यासारखा फेकतो, चाकं इंजिनावर चालतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईरी सरोवरावरून वादळ आलं तेव्हा ऑर्चर्ड पार्कला ८० इंच पडला. तेव्हा यंत्राच्या तोंडापेक्षा बर्फच उंच होता. वरचा थर फावड्यानं पाडायचा, यंत्र अर्ध्या रुंदीनंच घुसवायचं. इंजिन पूर्ण वेगात, चाल मात्र कासवाची. नवखे लोक उलटं करतात आणि यंत्राला नावं ठेवतात.

शिकागोच्या उपनगरातून

मी उलट सांगणार. माझी उंची पाच फूट, नवरा आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. टू-स्टेज वळवताना मीच त्याच्याबरोबर फरफटत जायचे. विकला आणि २१ इंची सिंगल-स्टेज, म्हणजे एकाच टप्प्याचा, घेतला. त्याची रबरी पाती थेट जमिनीला घासतात, त्यामुळे खालचं डांबर दिसेपर्यंत साफ होतं. सात-आठ इंचांपर्यंत मजेत चालतो. प्लाऊच्या बांधावर मात्र चढून बसतो, तिथे फावडं आलंच. म्हणून मी बांध गोठायच्या आत जाते. खडीचा ड्राइव्हवे असेल तर हा घेऊच नका, बर्फाबरोबर दगडही शेजाऱ्याच्या काचेवर जातील.

मिसिसागाहून

बॅटरीवाला आहे, तिसरा हिवाळा. पहाटे साडेपाचला चालवतो आणि घरातलं तान्हं बाळ उठत नाही, एवढ्यावरच माझे पैसे वसूल. पेट्रोल नाही, ऑइल नाही, दोरी ओढणं नाही. पण बॅटऱ्या गॅरेजमध्ये ठेवू नका. उणे पंधराला गारठलेली बॅटरी निम्म्यात मान टाकते. आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी असतात. ओला, जड बर्फ २५ सेंटिमीटर पडला की दोन्ही बॅटऱ्या संपतात आणि काम उरतं. तुमच्या रॉचेस्टरला मी हा एकटा घेणार नाही.

मॅडिसन, विस्कॉन्सिनहून

जरा लांबण लागेल. पहिला स्नोब्लोअर जुना घेतला, घर विकून फ्लोरिडाला निघालेल्या आजोबांकडून. दुसऱ्याच बर्फात, पहाटे कुणीतरी टाकून गेलेलं वर्तमानपत्र बर्फाखाली होतं, ते ऑगरमध्ये गेलं. गोठलेलं वर्तमानपत्र म्हणजे ओंडका. खट्ट आवाज झाला आणि एका बाजूचा ऑगर फिरायचा थांबला. पाहिलं तर एक पिन तुटलेली. मी हुशारी केली. हार्डवेअरच्या दुकानातून चांगला कडक पोलादी बोल्ट आणून ठोकला. महिन्याभरात पायपुसणं अडकलं. बोल्ट तुटला नाही, गिअरबॉक्स फुटला. दुरुस्ती यंत्राच्या किमतीपेक्षा महाग.

त्या वर्षी बाबा सांगलीहून आले होते. गॅरेजमध्ये यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अरे, हा तर रोटाव्हेटरच की! बर्फाचा." मग तुटलेली पिन हातात घेऊन, "ट्रॅक्टरच्या शाफ्टला पण असाच बोल्ट असतोय. त्यो तुटायलाच ठेवलेला असतोय रे, म्हंजे पुढचं वाचतंय. एवढं इंजिनिअरिंग शिकलास..." पुढचं लिहीत नाही.

तर या तुटण्यासाठीच असलेल्या पिना (शिअर पिना) त्याच यंत्राच्या, कंपनीच्याच घ्या. आता एरियन्स कंपनीचा नवा आहे, २४ इंची, सातवा हिवाळा. त्यांचा कारखाना आमच्याच राज्यात, ब्रिलियनला, म्हणून अभिमानानं सांगतोय असं समजा हवं तर. पण खरं कारण म्हणजे दहा मिनिटांवर डीलर आहे आणि पिन, बेल्ट, स्किड शू (यंत्राच्या तोंडाखालचे, ते जमिनीपासून वर धरणारे पाय) त्याच्या फळीवर असतात. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी ड्राइव्हवेवरून एक चक्कर मारा: वर्तमानपत्र, पायपुसणं, दिव्यांच्या माळेची वायर, पोरांचे बॉल.

बॉस्टनहून

२०१४-१५ चा हिवाळा, एकूण ११०.६ इंच, आजवरचा विक्रम. आणि जानेवारीच्या अखेरच्या मोठ्या वादळात आमचं यंत्र सुरूच होईना. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. एप्रिलमध्ये टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, आणि सात-आठ महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकटा होतो. दुरुस्तीवाल्यानं (नाव घेत नाही) तीन आठवडे यंत्र अडकवून ठेवलं. तोवर आम्ही फावडं आणि शिव्या.

तेव्हापासून हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवतो. हिवाळ्यात पेट्रोलच्या डब्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध. ऑक्टोबरात एकदा सुरू करून बघतो, गॅरेजच्या बाहेर आणून. दार उघडं असलं तरी आत नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेच यंत्र अजून चालतंय.

मिनिआपोलिसहून

मी हाताच्या दुखापतींवर उपचार करणारी थेरपिस्ट. मॉडेल कुठलंही घ्या, ही गोष्ट मात्र दोनदा वाचा. ओल्या बर्फानं बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं तुंबतं, माणूस हातमोजा घालून आत हात घालतो. "इंजिन बंद केलं होतं हो," असं सांगणारेही आमच्याकडे येतात. बंद इंजिनातही अडकलेल्या पात्यांवर ताण राहिलेला असू शकतो. बर्फ सुटला की पातं झटका देतं. यंत्राला अडकवलेली प्लास्टिकची काठी असते ती त्यासाठीच. यंत्र बंद करायचं, सगळं फिरणं थांबू द्यायचं, मग काठी. हात कधीच नाही. नळकांड्यात आधीच सिलिकॉन स्प्रे मारला तर तुंबणं बरंच कमी होतं.

मॉन्ट्रियलहून

आम्ही यंत्रच घेतलं नाही. इथे हंगामाचा ठेका देतात. शरद ऋतूत ड्राइव्हवेच्या कडेला खुणेच्या काठ्या रोवून जातात आणि बर्फ पडला की ट्रॅक्टरला मागे ब्लोअर लावलेला गडी येतो, दोन मिनिटांत साफ. तो येतो त्याच्या सोयीनं, ही एकच तक्रार. बाकी या यंत्राचा मूळपुरुष आर्थर सिकार आमच्याच भागातला, १९२५ साली त्यानं ते बनवलं. त्याच्या गावात राहून मी यंत्र घेत नाही म्हणून शेजारी हसतात.

पुन्हा रॉचेस्टरहून

सगळ्यांचे आभार. काल २४ इंची टू-स्टेज घेतला. २८ इंची आणला असता तर गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीचं दार उघडलं नसतं, हे घरी येऊन टेपनं मोजल्यावर कळलं. डीलर १५ मिनिटांवर, त्यानं पिना बदलून दाखवल्या. जादा चार पिनांचं पाकीट हँडलला चिकटपट्टीनं बांधलंय. मॅडिसनवाले, बाबांना नमस्कार सांगा. आणि एक विचारायचं राहिलं: खालचे स्किड शू डांबरासाठी नेमके किती उचलून ठेवता?