मदत हवी आहे: 'इलियड'मधल्या जखमा मराठीत कशा लिहू?

नमस्कार मंडळी. होमरच्या 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यातल्या जखमांवर मराठीत लेख लिहितेय आणि दोन ठिकाणी अडकलेय. शरीरशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया हात द्या.

पाचव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीस एक धोंडा उचलतो, आजच्या दोन माणसांनाही पेलणार नाही असा, आणि ट्रॉयच्या बाजूच्या इनिअसच्या खुब्यावर हाणतो. मांडी जिथे खुब्यात फिरते ती वाटी चिरडते, दोन्ही स्नायुबंध तुटतात, कातडी सोलवटून निघते. होमरचा तिथला शब्द आहे कोटिली, आणि त्याचा मूळ अर्थही छोटी वाटीच! तो तसाच ठेवावा असं फार वाटतं. पण आपल्याकडे वाटी म्हटलं की गुडघ्याचीच डोळ्यांसमोर येते. पाठ्यपुस्तकात 'उखळीचा सांधा' असतो, मग उखळ लिहू का? दवाखान्यात पेशंटला तुम्ही काय म्हणून सांगता?

दुसरं असं. तेराव्या सर्गात ग्रीक योद्धा अँटिलोकस ट्रॉयच्या थोऑनची पाठीतून थेट मानेपर्यंत जाणारी शीर कापतो. ही कोणती मानायची? महाशीर (हृदयाकडे रक्त नेणारी सर्वांत मोठी शीर) म्हणावं तर ती मानेपर्यंत पोहोचत नाही. आणि कवीने नुसतं ठोकून दिलं असेल हे मला पटत नाही. ट्रॉयचा वीर हेक्टर, त्याच्या मानेतून अकिलीसचा भाला आरपार जातो, तरी श्वासनलिका शाबूत राहिली म्हणून हेक्टर अकिलीसशी बोलू शकला, इतकं बारीक होमर सांगतो.

सर्जन किंवा शरीररचना शिकवणारं कुणी असेल तर जरूर लिहा. शब्द सुचवलात तरी खूप मदत होईल.