स्वयंपाक करणाऱ्यानेच बाजार करावा का? ईगल्स, चिप केली आणि खेळाडू निवडण्याचा हक्क

कोकणकडा
अमेरिकन फुटबॉलमधला पेट्रियट्स संघ सोडताना १९९७ मध्ये त्याचे कोच बिल पार्सेल्स म्हणाले होते, स्वयंपाक माझ्याकडून करून घ्यायचा तर निदान थोडा बाजार तरी मला करू द्या. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्यांच्या मनाविरुद्ध टेरी ग्लेन या खेळाडूला घेतलं, तो सल होता. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये अजूनही कोचच्या बाजूने हेच वाक्य पुढे केलं जातं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या फिलाडेल्फियातच घडलं.

२०१५ च्या जानेवारीत इथल्या ईगल्स संघाच्या मालकांनी खेळाडू निवडीचे अधिकार जनरल मॅनेजर (जीएम, म्हणजे खेळाडूंचे करार बघणारा) हॉवी रोझमनकडून काढून कोच चिप केलीला दिले. केलीचे आधीचे दोन्ही हंगाम १०-६ (दहा विजय, सहा पराभव) होते, त्यामुळे तेव्हा मलाही ते योग्य वाटलं. मग चेंडू घेऊन धावणारा लशॉन मॅकॉय बफेलोला गेला, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) निक फोल्स रॅम्सकडे गेला आणि धावायला डीमार्को मरे आला. मरे डॅलसमध्ये आदल्या हंगामात १,८४५ यार्ड धावला होता, आमच्याकडे ७०२. तो क्वार्टरबॅकच्या मागे खोल उभा राहून सरळ मुसंडी मारणारा. केलीचा सगळा खेळ शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅक मागे आणि धावणारा त्याच्या शेजारी उभा, बाजूला सरकत. म्हणजे स्वयंपाक्याने स्वतः बाजार केला आणि आपल्याच चुलीवर न शिजणारी भाजी आणली! डिसेंबर संपायच्या आत केली गेला. करारांचं ओझं मात्र क्लबच्या सॅलरी कॅपवर, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या मर्यादेवर, राहिलं.

कोचची नजर येत्या रविवारवर असते, आणि ती तशीच असायला हवी. तीन वर्षांनंतरचा करार बघायला दुसरं माणूस लागतं. शेवटची सही जनरल मॅनेजरचीच हवी.

तिसराडाउन
सही जीएमची, मग नारळ कोणाला? २०२० चा ड्राफ्ट आठवा. २१ व्या क्रमांकावर ईगल्सने जेलन रेगर हा रिसीव्हर (पास झेलणारा) घेतला. लगेच पुढच्या निवडीत मिनेसोटाने जस्टिन जेफरसन उचलला आणि त्याने पहिल्याच हंगामात १,४०० यार्ड काढले. ईगल्स ४-११-१ (शेवटचा एक बरोबरीचा). गेला कोण? कोच डग पेडरसन, ज्याने तीनच वर्षांपूर्वी या शहराला पहिला सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, दिला. केलीनंतर अधिकार परत मिळालेला रोझमन राहिला. चुकल्यावर पहिली मान कोचची जाणार असेल, तर निवडही त्यालाच करू द्या.

आणि एका केलीवरून नियम कसा ठरवता? कोच बेलिचिकने पेट्रियट्समध्ये दोन्ही कामं केली. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला १९९ व्या क्रमांकावर घेतलं आणि सहा सुपर बोल जिंकले.

कोकणकडा
रेगरची चूक मान्य. पण त्याच ड्राफ्टमध्ये ५३ व्या क्रमांकावर जेलन हर्ट्स हा क्वार्टरबॅक घेतला, तेव्हा आधीच्या क्वार्टरबॅकला, कार्सन वेन्ट्झला, मोठा करार देऊन वर्षही झालं नव्हतं. फक्त पुढचा हंगाम बघणाऱ्या कोचने तिथे रिसीव्हर नाहीतर बचावपटू मागितला असता.

बेलिचिकचं म्हणाल तर २०१९ मध्ये पहिल्या फेरीत नकील हॅरी हा रिसीव्हर घेतला. त्याच्याहून सरस ठरलेले डीबो सॅम्युअल आणि ए. जे. ब्राऊन दोघंही तेव्हा शिल्लक होते. पुढच्या मार्चमध्ये ब्रेडी गेला. बाजार आणि स्वयंपाक एकाच्याच हातात असला की चव बिघडल्याचं त्याला सांगणार कोण?

सातारकर_टेनेसी
दोघांनी सहीचंच धरून ठेवलंय म्हणून लिहितो. आमच्या टेनेसी टायटन्सचं बघा. कोच माइक व्रेबेल उघड सांगत होता की मी आहे तोवर ए. जे. ब्राऊन कुठे जाणार नाही. २८ एप्रिल २०२२ च्या रात्री ब्राऊन तुमच्या ईगल्सकडे! त्याच्या बदल्यात आलेल्या १८ व्या निवडीतून ट्रेलॉन बर्क्स हा रिसीव्हर घेतला. डिसेंबरमध्ये ब्राऊनने आमच्याविरुद्ध दोन टचडाऊन केले, ३५-१० हरलो, आणि दोन दिवसांत जीएम जॉन रॉबिन्सनला काढलं. व्रेबेल राहिला. म्हणजे नारळ नेहमी कोचलाच मिळतो असंही नाही.

मला त्या रात्री सर्वांत जास्त लागलं ते हे, की आपला सर्वांत चांगला रिसीव्हर जाताना कोचचं 'नको' कुणाला अडलं नाही. सही कुणाचीही असो, त्या 'नको'ला वजन हवं.

तिसराडाउन
वजन हवं म्हणजे नेमकं काय? सल्ला ऐकायचा आणि बाजूला ठेवायचा, हे प्रत्येक क्लबमध्ये आजही चालतं. मी म्हणतो, ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्यांत कोचला नकाराधिकार द्या.

कोकणकडा
पहिल्या दोन फेऱ्यांत नकाराधिकार? चालेल, एवढं मी मान्य करतो. मात्र अमुकच खेळाडू आणा, असं सांगण्याचा हक्क नको. २०२४ मध्ये बचावाचा कोच म्हणून विक फँजिओ आला आणि रोझमनने पहिल्या दोन फेऱ्यांत क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डिजीन हे दोन कॉर्नरबॅक (पास अडवणारे) घेतले. सुपर बोलमध्ये समोरच्या क्वार्टरबॅकचा, महोम्सचा, पास पकडून डिजीन ३८ यार्ड धावत गेला, तेव्हा श्रेय कुणाचं, हे घरात कुणी विचारलंच नाही.

तिसराडाउन
तिथे जिंकलात म्हणून. रेगरच्या वर्षी सगळे विचारत होते.