शिवलकरांचं कार्ड कुठल्या पानावर लावू?

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात बबलगममधली क्रिकेट कार्डं जमवायचो. परवा माळ्यावरून तो बिस्किटाचा डबा काढला. निम्मी कार्डं एकमेकांना चिकटलेली. सोडवताना कपिलचा अर्धा चेहरा दुसऱ्याच्याच पाठीवर गेला. तळाशी एक घरी केलेलं निघालं: मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांचा पेपरातला फोटो, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर खळीने डकवलेला. प्रथम श्रेणीत 589 बळी, कसोटी एकही नाही. भारतीय संघात तसेच डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी होते ना! आता अल्बम लावतोय. पहिल्या पानावर, माझ्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, त्यांना बसवू का?

जळगावकर: बसव ना भो, विचारतो काय! 1972-73 ची रणजी फायनल, चेपॉक, 16 धावांत 8 बळी.

चोपड्याचा केळीवाला: मग हरयाणाचे डावखुरे फिरकीपटू राजिंदर गोयल कुठे गेले? रणजीत 637 बळी, तेही कसोटीविना. मुंबईचा तेवढा आपला का? 2017 मध्ये बीसीसीआयने सी. के. नायडू पुरस्कार दोघांनाही दिला.

मूळ विचारणारा: पटलं. गोयलांचा फोटो शोधतो. खळ मात्र आता बायको करू देत नाही, फेविकॉलच.

जळगावकर: आणि कपिलला वाफ देऊ नको भो, उरलेला चेहराही जाईल.