मदत हवी आहे: ऑपरेशन चालू असतानाच पित्तनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, कुणाचा अनुभव आहे का?

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. आई ६३ वर्षांची. दिवाळीनंतर तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. भरिताचे दिवस, म्हणून सगळ्यांनी पित्तावर ढकललं. मग डोळे पिवळे झाले, तर नातेवाइकांनी काविळीची माळ घालायला लावली. त्यात बारा दिवस गेले. अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढुरकी, ही नलिका अडल्याची खूण असते हे मला नंतर कळलं. फार वाईट वाटतं. कुणाच्या घरी असं दिसलं तर माळेपाठी थांबू नका.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. मुख्य पित्तनलिका १३ मिमी फुगलेली, एरवी ती ६-७ च्या आत असते. एमआरसीपीत (पित्तनलिकेचा एमआरआय) खालच्या टोकाला ९ मिमीचं काहीतरी दिसतंय. खडा की गाठ, ते स्पष्ट नाही. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) ७.२, ताप नाही.

जळगावचे सर्जन म्हणतात, पित्ताशय काढतानाच नलिकेला छोटी चीर देऊन आत बारीक दुर्बीण घालू. पोटात घालतात ती नव्हे, ही वेगळी, वाकणारी. सलाईन सोडत पुढे सरकते आणि नलिकेची आतली भिंत पडद्यावर दिसते, वर यकृताच्या फाट्यांपर्यंत. खडा असेल तर बास्केटमध्ये धरून काढायचा, संशय आला तर तुकडा बायोप्सीला. शेवटी पुन्हा आत बघून एखादा खडा राहिला नाही ना, याची खात्री करायची. नलिका रुंद आहे म्हणून हे जमेल, बारीक नलिकेला चीर दिली तर पुढे ती आखडायची भीती असते.

नाशिकचे डॉक्टर म्हणतात, आधी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिका मोकळी करायची, पित्ताशय नंतर. त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि भूल दोनदा. आई म्हणते, "काय शे ते एकदाव करी टाका."

मला खरी धास्ती एकाच गोष्टीची आहे. आत खडा नसून गाठ निघाली तर? तेव्हा ऑपरेशनच बदलतं. अशा वेळी तुमच्या सर्जननी काय केलं, तुकडा घेऊन पोट बंद केलं आणि पुढे पाठवलं का? फ्रोझन सेक्शनची (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासून सांगतात ती) सोय आधी विचारून ठेवावी का? टी-ट्यूब (नलिकेतलं पित्त बाहेर काढणारी नळी) किती दिवस होती, घरी कशी सांभाळली? आणि जन आरोग्य योजनेत ही दुर्बीण धरली होती का?

गुरुवारची तारीख घ्यायची की नाही, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे.