मदत हवी आहे: फिका पडणारा नकाशा आणि वारसा फेरी

एका लहान गावातील इतिहास संग्रहालयाचे काम आम्ही काही स्वयंसेवक पाहतो. आमची रविवारची वारसा फेरी गावाच्या हाताने रंगवलेल्या कागदी नकाशापासून सुरू होते, कारण तो पाहिल्याशिवाय पुढच्या गल्ल्यांचा अर्थच लागत नाही. मात्र नकाशातील नदीची निळी रेघ आता फिकी पडू लागली आहे. कागद व जलरंगांवर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश नसावा आणि उडालेला रंग परत येत नाही, हे ठाऊक असल्याने आम्ही खिडकीला अतिनील किरण रोखणारी फिल्म लावली, दिवे मंद केले आणि एरवी चौकटीवर जाड कापड टाकतो. परिणामी उन्हातून आत आलेल्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, बारीक अक्षरे वाचताच येत नाहीत. (डोळे सरावेपर्यंत थांबावे, तर वीस जणांचा गट चुळबुळू लागतो.) केवळ प्रतिकृती लावणे मला पटत नाही, लोक अस्सल वस्तू पाहायला येतात. नव्या प्रदर्शन-पेटीसाठी निधी नाही आणि इमारत जुनी असल्याने भिंतीत खिळेही ठोकता येत नाहीत. अशा वेळी मूळ नकाशा वर्षातून काही काळच मांडून एरवी प्रतिकृती ठेवावी का, आणि तसे केल्यास हा काळ किती असावा, हे नेमके कसे ठरवतात?