डेबियन पॅकेजच्या पोस्टइन्स्ट आणि पोस्टआरएम या दोन्ही स्क्रिप्टमध्ये एकच फंक्शन कसे वापरावे?

प्रश्न
डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी एका अंतर्गत सेवेचे डेब पॅकेज मी तयार करतो. त्यातली पोस्टइन्स्ट ही स्क्रिप्ट पॅकेज बसवल्यावर आणि पोस्टआरएम ही ते काढल्यावर चालते. सेटिंगची फाइल वाचून डेटा डिरेक्टरी कोणती ते ठरवणारे एक लांबलचक शेल फंक्शन दोन्ही स्क्रिप्टना लागते, म्हणून ते मी ‘/यूएसआर/शेअर’खाली वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. इन्स्टॉल सुरळीत होते. पर्ज (सेटिंगसकट पॅकेज पूर्ण काढणे) करताना मात्र ती फाइल सापडत नाही आणि पोस्टआरएम थांबते. दुसरी फाइल वाचून चालवणाऱ्या डॉट कमांडपुढे ‘|| ट्रू’ (चूक झाली तरी पुढे जा) जोडूनही उपयोग झाला नाही. असे का व्हावे?

उत्तर १
पॅकेज काढताना डीपीकेजी (पॅकेज बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) आधी त्याच्या फाइली पुसते आणि मगच पोस्टआरएम चालवते, त्यामुळे तुमची सामाईक फाइल तेव्हा डिस्कवर नसतेच. डेबियनमध्ये ‘/बिन/एसएच’ म्हणजे डॅश हे शेल. त्यात डॉटला फाइल मिळाली नाही की शेल तिथेच बंद होते, आणि ‘||’च्या उजवीकडे काय लिहिले आहे ते पाहण्याची वेळच येत नाही.

सामाईक कोड बिल्डच्या वेळीच दोन्ही स्क्रिप्टमध्ये उतरवावा. सोर्समध्ये तो एकाच फाइलीत ठेवा, स्क्रिप्टमध्ये खुणेचा शब्द लिहा आणि ‘डीएच_इन्स्टॉलडेब’ या पॅकेज बांधतानाच्या साधनाला ‘--डिफाइन’ पर्यायात त्या शब्दापुढे ‘@’ लावून फाइलीचे नाव द्या. बिल्डच्या सूचना असलेल्या रूल्स फाइलमध्ये सेड (मजकूर बदलणारी कमांड) वापरण्याची जुनी पद्धतही चालते.

प्रश्नकर्ता
ती फाइल ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’मध्ये ठेवली तर चालेल का? पोस्टआरएम तिथेच असते.

उत्तर २
नाही. ती डिरेक्टरी डीपीकेजीची खाजगी जागा आहे, आणि पॅकेज रिमूव्ह झाल्यावर (सेटिंग ठेवून काढल्यावर) तिथे त्या पॅकेजची यादी आणि पोस्टआरएम एवढेच उरते.

पहिले उत्तर योग्य असले, तरी खरी अडचण त्यापुढे आहे. तुमची सेटिंगची फाइल कॉन्फफाइल (डीपीकेजी सेटिंग म्हणून सांभाळते ती फाइल) असेल, तर पर्जमध्ये डीपीकेजी तीही पोस्टआरएमच्या आधीच काढून टाकते. म्हणजे फंक्शन हाताशी असूनही त्याला वाचायला काही नसेल. फंक्शन अशा वेळी रिकामा मार्ग परत करत असेल आणि पुढे ‘आरएम -आरएफ’ (न विचारता सगळे पुसणारी कमांड) असेल, तर काय होईल याचा विचार आजच करावा. माझ्या मते पर्जमध्ये पॅकेजने स्वतः निर्माण केलेली, ठरावीक मार्गाची डिरेक्टरीच काढावी. प्रशासकाने दुसरीकडे हलवलेल्या डेटाला हात लावू नये. एवढे मान्य केले, तर पोस्टआरएमला त्या फंक्शनची गरजच उरत नाही आणि सामाईक कोडचा प्रश्न बहुतांशी मिटतो.

उत्तर ३
अपग्रेडमध्ये जुन्या पॅकेजचे पोस्टआरएम नव्या फाइली उलगडल्यानंतर चालते, तेव्हा बाहेरची फाइल वाचणाऱ्या जुन्या स्क्रिप्टच्या हाती नवे फंक्शन पडू शकते. पियूपार्ट्स हे चाचणीचे साधन स्वच्छ डेबियनमध्ये इन्स्टॉल, अपग्रेड आणि पर्ज करून पाहते. बदल केल्यावर ते एकदा चालवावे.